घाटातली थंडी आणि हँडलवरची बोटं

जानेवारीतल्या रविवारी पहाटे साडेचारला दादर टीटी, लालबागचा भारतमाता सिनेमा किंवा गिरगावातलं ऑपेरा हाऊस अशा एखाद्या नाक्यावर बाईकवाल्यांची टोळकी जमताना दिसतात. बेत ठरलेला असतो: सायन, वाशीचा पूल, पनवेल, चौक, खोपोली, मग घाट चढून लोणावळ्यात नाश्ता. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे जुना महामार्ग हाच त्यांचा रस्ता. नाक्यावर जॅकेटची चेन उघडी असते आणि हातमोजे बॅगेत, कारण मुंबईत त्यांची गरज वाटत नाही. अडीच तासांनी खंडाळ्यात हीच मंडळी चहाच्या टपरीवर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभी असतात आणि त्यातल्या एखाद्याला हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नाही. बोटं आहेत, पण ऐकत नाहीत.

या अडीच तासांत काय घडतं ते या प्रकरणात पाहू. हाताच्या थंडीवर जाड हातमोजे हा एकच उपाय बहुतेकांना सुचतो. पण बोटं गार पडायची सुरुवात बऱ्याचदा हातापासून दूर, गळ्याशी आणि छातीशी होते. शिवाय एकदा गार पडलेलं बोट चालत्या बाईकवर पुन्हा गरम करणं फार अवघड असतं. ज्याने हात मुळातच गार पडू दिले नाहीत, तोच घाटात सुखात राहतो.

थंडी कुठून सुरू होते

दक्षिण आणि मध्य मुंबई ही पाण्याने वेढलेली चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदराची खाडी. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून रात्रीही समुद्र या पट्टीला फार गार होऊ देत नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री हळूहळू उष्णता सोडतं, तीही भर. परिणामी कुलाब्याचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. १८२६ साली सुरू झालेल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदींत सगळ्यात गार पहाट २२ जानेवारी १९६२ ची आहे आणि तेव्हाही पारा ११.७ अंशांवर थांबला होता. त्याच पहाटे सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले. वीसेक किलोमीटरच्या अंतरात चार अंशांहून अधिक फरक! समुद्रापासून आणि दाट वस्तीपासून थोडं दूर सरकलं की थंडी किती वाढते, याचा हा सरळ पुरावा.

सह्याद्रीपलीकडचे आकडे वेगळ्याच जगातले वाटतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. लालबागहून लोणावळा ८० किलोमीटरच्या आसपास. मात्र ते समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. वातावरणात दर हजार मीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होतं. म्हणजे निव्वळ उंचीमुळे सुमारे चार अंश गेले. समुद्राची ऊब मागे राहिली, त्याचे आणखी काही अंश गेले. आकाश निरभ्र असेल, तर जमीन आपली उष्णता रात्रभर आकाशाकडे फेकत राहते, त्याचेही गेले. नाक्यावर हवीहवीशी वाटणारी हवा घाटमाथ्यावर दहा-बारा अंशांवर आलेली असते.

यात वेळेचा एक डाव दडला आहे. रात्रीचं किमान तापमान मध्यरात्री येत नाही. जमीन पहाटेपर्यंत निवत राहते आणि पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपास. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. साडेचारला निघणारा माणूस सात वाजता घाटात पोचतो. म्हणजे वाटेतल्या सगळ्यात गार ठिकाणी तो दिवसातल्या सगळ्यात गार वेळी हजर होतो. वाहतूक टाळण्यासाठी लवकर निघण्यात शहाणपण आहेच, पण खोपोलीत अर्धा-पाऊण तास काढून ऊन वर आल्यावर घाट चढायला घेतला, तर बोटांचे निम्मे हाल वाचतात.

रस्त्याचा चढउतारही पाहावा. गार हवा जड असते आणि रात्री उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात थंडीच्या दिवसांत वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण गावातल्या बाजारपेठेत तेवढं काही जाणवत नाही, त्याचं कारण हेच. नदीवरचे पूल, ओढ्याकाठची वळणं, भातखाचरांमधले सखल पट्टे इथे बाईकवाल्याला अचानक थंडीची लाट लागल्यासारखं वाटतं. तो भास नसतो. तिथली हवा खरोखर काही अंशांनी गार असते.

वारा काय करतो

पारा दहा अंशांवर असताना अंगणात उभं राहणं आणि त्याच हवेत ताशी ६० किलोमीटरने जाणं यांत मोठा फरक आहे. आपल्या त्वचेला चिकटून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. तो टिकला की थंडी सोसते. वारा हा थर उडवून लावतो, त्वचा तिथे नवा थर तापवते, वारा तोही नेतो.

वाऱ्याची ही चोरी मोजायचा पहिला गाजलेला प्रयत्न अंटार्क्टिकात झाला. पॉल सिपल पहिल्यांदा तिथे गेला तो १९२८ साली, रिचर्ड बर्डच्या मोहिमेसाठी निवडलेला बालवीर म्हणून. पुढे १९४१ मध्ये त्याने चार्ल्स पॅसल या सहकाऱ्यासह प्लॅस्टिकच्या छोट्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि वेगवेगळ्या तापमानांत, वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. त्यांचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. ‘विंड चिल’ ही आज हवामानाच्या बातम्यांत ऐकू येणारी कल्पना त्यातून रुळली. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने माणसांच्या चेहऱ्यांवर चाचण्या घेऊन सुधारलेलं सूत्र स्वीकारलं.

त्या सूत्रात आकडे घालून पाहिले, तर हवा १० अंश आणि वेग ताशी ६० किलोमीटर असताना उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांची थंडी जाणवते. हवा ५ अंश असेल, तर उणे २. हवा शून्यावर असेल, तर उणे ९. हे सूत्र चेहऱ्यासाठी आहे आणि त्यात वारा वेधशाळेच्या पद्धतीने, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला धरतात. हँडलवरच्या बोटांवर वारा थेट आदळतो. त्यामुळे बाईकवाल्याने हे आकडे कमीत कमी समजावेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘५ अंश जाणवते’ याचा अर्थ बोट ५ अंशांपर्यंत गार होईल असा नाही. वारा कितीही सुटला तरी तो कोणतीही कोरडी वस्तू हवेच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. तो फक्त तिथवर पोचण्याची घाई करतो. आपल्या बाबतीत ती घाईच घातक ठरते, कारण शरीराला बोटापर्यंत उष्णता पोचवायला वेळच मिळत नाही.

वेग आणि उष्णता यांचं गणित सरळ रेषेत चालत नाही. वाऱ्याने होणारी हानी ढोबळमानाने वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. वेग ८० वरून ४० वर आणला, तर हानी निम्मी न होता सुमारे तीस टक्क्यांनी घटते. म्हणून नुसतं सावकाश चालवणं हा अपुरा उपाय. वारा अडवावाच लागतो. दुसरं असं की, त्याच वाऱ्यात बारीक वस्तू जाड वस्तूपेक्षा क्षेत्रफळाच्या मानाने जास्त उष्णता गमावते. दंडापेक्षा मनगट आणि मनगटापेक्षा बोट आधी गार पडतं, यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

शरीराची पाणीकपात

आता आतली बाजू. बोटांत स्वतःची ऊब तयार करण्याची सोय जवळपास नाहीच. बोटं वाकवणारे-उघडणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत येतात. बोट म्हणजे हाड, बंध, त्वचा आणि थोडी चरबी. त्यामुळे त्याची ऊब रक्ताबरोबर येते आणि रक्त थांबलं की ऊबही थांबते.

ते रक्त थांबवायचा अधिकार शरीराने स्वतःकडे ठेवला आहे. बोटांच्या टोकांत, तळव्यात धमनी आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. अंगात उष्णता जास्त झाली की त्या उघडतात आणि हात गरम होतात. शरीर उष्णता बाहेर टाकत असतं. छाती-पोटातली उष्णता कमी व्हायला लागली की मज्जासंस्था त्या वाटा आवळते. तलावांतला साठा घटला की मुंबईत पाणीकपात होते आणि आधी कोरडे पडतात ते वाहिनीच्या शेवटच्या टोकाचे नळ. शरीराच्या वाहिनीचं शेवटचं टोक म्हणजे बोटं. हृदय, यकृत, मेंदू यांचा पुरवठा राखण्यासाठी पहिली कपात तिथेच होते.

त्यामुळे गळ्याशी उघडी राहिलेली चेन बोटांना महागात पडते. कॅनडातल्या संशोधकांनी कडाक्याच्या थंडीत छाती-पोट कृत्रिमरीत्या उबदार ठेवून पाहिलं, तेव्हा हातांवर फारसं काही नसतानाही बोटं उबदार राहू शकतात असं दिसलं. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. घाटात बोटं गार पडत असतील, तर प्रथम मफलर बांधा, जॅकेटच्या आत एक लोकरीचा थर वाढवा, गळा बंद करा. जुने स्कूटरवाले शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये वर्तमानपत्र घालत. छातीवरचा वारा अडवण्याची ती युक्ती अजूनही काम करते.

एक गमतीची गोष्ट मात्र शरीराने राखून ठेवली आहे. इंग्लंडच्या थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. सुरुवातीला बोट झपाट्याने गार पडलं, पण काही मिनिटांनी त्यातला रक्तप्रवाह आपोआप वाढला, बोट थोडं तापलं, पुन्हा निवलं, पुन्हा तापलं. थंड मुलखात कोळीकाम करणाऱ्यांसारख्या लोकांत ही प्रतिक्रिया अधिक ठळक आढळते. पण धड गार पडलेलं असेल, तर ती मंदावते. गळा बंद ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

गार बोटांचा खरा धोका दुखण्यात नाही. बोटाच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की सफाईची हालचाल मंदावते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. पुढच्या ब्रेकचा लिव्हर किती दाबला गेला, हे कळणं बोटाच्या स्पर्शावर अवलंबून असतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने बाईक एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर समोर ट्रक दिसला आणि बोटांना एक सेकंद जास्त लागला, तर ते १७ मीटर कुठून आणायचे?

शहरातल्या रायडरला याची कल्पना येत नाही, कारण शहरात हात सतत कामात असतात. परळ ते सायन या गर्दीत क्लच दाबून-सोडून डावा हात भरून येतो. कोपराखालचे स्नायू तापतात आणि रक्त खेळत राहतं. पनवेल सुटलं की डाव्या हाताला फारसं काम उरत नाही. उजवा हात अॅक्सिलरेटर धरून तसाच राहतो. थंडी वाढली की माणूस नकळत मूठ घट्ट आवळतो. आवळलेल्या मुठीत तळव्यातलं रक्त पिळून निघतं आणि बोटं आणखी गार पडतात. पकड सैल ठेवणं हा फुकटचा उपाय आहे.

जाड मोज्यांचा घोळ

गिरणगाव कापसावर उभं राहिलं. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली आणि पुढची सव्वाशे वर्षं लालबाग-परळच्या चिमण्या कापडासाठी धूर ओकत राहिल्या. मुंबईच्या कपाटात म्हणूनच सुती कपडे जास्त. थंडीत बाईक चालवायला मात्र सुती हातमोजा सगळ्यात वाईट. कापूस ओलावा शोषतो. धाग्यांमधली हवा हीच खरी ऊबदार गोष्ट असते आणि तिची जागा पाण्याने घेतली की खेळ संपतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर मात्र ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. थंडी आली की परळला रस्त्याच्या कडेला तिबेटी विक्रेत्यांची स्वेटर-शालींची दुकानं लागतात. तिथे मिळणारा साधा पातळ लोकरी हातमोजा बाहेरच्या मोज्याच्या आतला थर म्हणून उत्तम चालतो. एकटा मात्र चालत नाही. विणकामातून वारा आरपार जातो.

चांगल्या थंडीच्या हातमोज्यात तीन कामं वाटून दिलेली असतात. आतला थर घाम त्वचेपासून दूर नेतो. मधला फुगीर थर हवा धरून ठेवतो. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. चामडं घसरण्यापासून उत्तम संरक्षण देतं आणि वाराही बऱ्यापैकी अडवतं, पण आत अस्तर नसेल तर ऊब थोडीच.

मग मोजा जितका जाड तितका चांगला का? नाही. सपाट भिंतीवर आवरणाचा थर दुप्पट केला, तर संरक्षण जवळपास दुप्पट होतं. बोट गोल आणि बारीक आहे. त्याभोवती थर वाढवला की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि तेवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून उष्णता निसटते. ठरावीक जाडीनंतर फायदा झपाट्याने घटतो आणि तोटे तेवढेच राहतात: लिव्हरवर बोट नीट बसत नाही, इंडिकेटरचं बटण सापडत नाही. बर्फाळ देशांत लोक चार बोटं एकाच पिशवीत घालणारे मोजे वापरतात ते याचसाठी. चार बारीक दांडे एकत्र केले की पृष्ठभाग घटतो. बाईकवर ब्रेकसाठी बोटं मोकळी लागतात, म्हणून दोन-दोन बोटांच्या जोड्या करणारे मोजेही बनवले जातात.

घट्ट मोजा तर आणखी वाईट. तो आतली हवा चेपतो आणि बोटांतलं रक्तही अडवतो. दुकानात मोजा घालून मूठ आवळावी. बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरली आणि तळव्यावर सुरकुत्यांचा गोळा झाला नाही, तर माप बरोबर. मनगटावरून येणारी बाही लांब हवी आणि ती जॅकेटच्या बाहीवर किंवा बाहीखाली घट्ट बसायला हवी. मनगटाच्या आतल्या बाजूला नाडी लागते, म्हणजे रक्तवाहिनी त्वचेच्या अगदी जवळून जाते. तिथे वारा शिरला की बोटांपर्यंत जाणारं रक्त वाटेतच गार होतं. संरक्षणासाठी मोज्यावर युरोपीय ईएन १३५९४ मानकाची खूण आहे का, तेही पाहावं. ऊब देणारा मोजा पडल्यावर फाटणार असेल, तर अर्धाच उपयोगाचा.

हाताशी बरा मोजा नसेल आणि थंडी अनपेक्षित गाठली, तर औषधाच्या दुकानातले डॉक्टरी रबरी मोजे आत घालावेत. घाम आतच राहतो, हात थोडे ओलसर वाटतात, पण बाहेरचा थर कोरडा राहतो आणि बाष्पीभवनाने जाणारी उष्णता वाचते. किंवा भांडी घासायचे सैल मोजे वरून चढवावेत. दिसायला विचित्र, पण वारा ठार बंद. मात्र लिव्हरवर पकड घसरत नाही ना, हे बाईक उभी असतानाच तपासावं.

जुलैतली थंडी

मुंबईकर रायडरची बोटं जानेवारीइतकीच गार पडतात ती पावसाळ्यात, माळशेज नाहीतर ताम्हिणी घाटात. हवा वीस अंशांच्या पुढे असते, तरी दात वाजतात. इथे दोषी वेगळा असतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते आणि ओल्या मोज्यावरून वाहणारा वारा ती उष्णता हातातूनच खेचतो. कोरड्या वस्तूला वारा हवेपेक्षा गार करू शकत नाही, असं वर म्हटलं. ओल्या वस्तूला मात्र करू शकतो.

हिवाळ्यातही हा धोका आहे. पहाटेच्या धुक्यात मोजे हळूहळू भिजतात. मुंबईच्या दमट हवेत नाक्यावरच मोजे चढवले तर सायनपर्यंत हातांना घाम येतो आणि तोच ओलावा घाटात बाधतो. त्यामुळे शहरात पातळ मोजे आणि पनवेल-खोपोलीच्या थांब्यावर कोरडे जाड मोजे, ही दोन जोड्यांची पद्धत आपल्या शहरासाठी सर्वांत सोयीची. बोटं गार पडायच्या आधी जोडी बदलायची, हे मात्र विसरू नये.

हँडलवरची सोय

वारा अडवायचा सगळ्यात स्वस्त उपाय बाईकवरच बसवता येतो. लिव्हरपुढे लावायचे प्लॅस्टिकचे हँडगार्ड मूळचे कच्च्या रस्त्यावर फांद्या आणि दगड अडवायला आले, पण बोटांच्या पाठीवर येणारा झोत ते थेट तोडतात. उत्तर भारतात हिवाळ्यात हँडलवरच बसवलेले मोठे केसाळ मोजे सर्रास दिसतात. हात आत घालायचा, लिव्हर आतच दाबायचा. ऊब भरपूर, पण पडताना हात पटकन बाहेर निघतो का आणि बटणं सापडतात का, हे आधी सावकाश चालवून पाहायला हवं.

लिव्हर हा दुसरा चोर. तो अॅल्युमिनियमचा असतो आणि अॅल्युमिनियम रबराच्या हजार पटीच्या आसपास वेगाने उष्णता वाहतं. दोन बोटं सतत लिव्हरवर ठेवायची सवय असलेल्यांची तीच दोन बोटं आधी बधिर होतात. लिव्हरवर रबरी नळीचं आवरण चढवलं की फरक पडतो.

विजेवर तापणाऱ्या मुठी हा शेवटचा उपाय. त्यांची जोडी साधारण ३० ते ४० वॉट वीज घेते, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून तीनेक अँपिअर. छोट्या बाईकची वीजनिर्मितीच मर्यादित असते. त्यात जादा दिवे लावले असतील, तर बॅटरी उतरते. म्हणून बाईकला हा भार पेलेल का, ते आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावं आणि जोडणीत फ्यूज व रिले घालावा, म्हणजे चावी बंद केल्यावर मुठी चालू राहणार नाहीत. हे सुटे भाग गिरगावाला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. तापणारी मूठ तळवा गरम करते, वारा मात्र बोटांच्या पाठीवर बसतो. हँडगार्डशिवाय अशा मुठी लावणं म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून हीटर लावणं.

थांब्यावर

खोपोलीत थांबल्यावर पहिली इच्छा होते ती इंजिनाला किंवा सायलेन्सरला हात लावायची. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि कृत्रिम धाग्याचा मोजा सायलेन्सरवर वितळतो. ती इच्छा आवरावी. उत्तम उपाय लालबाग-परळच्या तालमींत रोज चालतो: बैठका. मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. वीस-पंचवीस बैठकांत ते इतकी उष्णता तयार करतात की धडाचा साठा भरून निघतो आणि बोटांची कपात उठते. त्यानंतर हात खांद्यापासून गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. आधी बैठका, मग हात. धड गार असताना नुसते हात फिरवून फारसं हाती लागत नाही.

चहा जरूर प्यावा, कारण गरम ग्लास आणि बसायची सवड दोन्ही मिळतात. त्यासोबतची सिगारेट मात्र नको. निकोटिन नेमक्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतं. दारू त्या वाहिन्या सैल करते, ऊब आल्याचा भास होतो आणि धडातली उष्णता बाहेर वाहून जाते. बाईकवर ती निषिद्ध आहेच, थंडीवरचा उपाय म्हणूनही ती खोटी.

काहींची बोटं थोड्याशा थंडीतही पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. फ्रान्सच्या मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं आणि आजही हा त्रास त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सावळ्या त्वचेवर रंगबदल चटकन दिसत नाही. नखाखालचा रंग पाहावा. अशाच पांढऱ्या बोटांचा दुसरा उगम कंपनात आहे. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरने १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने दगड फोडणाऱ्या कामगारांचे हात तपासले आणि कंपन व थंडी एकत्र आल्यावर बोटं कशी निकामी होतात ते दाखवून दिलं. जुन्या, खडखडणाऱ्या बाईकवर तासन्‌तास जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी, तसंच स्पर्श आधीच कमी झालेल्या मधुमेहींनी, थंडीतल्या प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावं. बधिर हात गरम करायला कोमट पाणीच घ्यावं आणि ते आधी कोपराने तपासावं.

पैसे कुठे घालायचे

दुकानात गेलं की लोक पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात: आधी विजेच्या मुठी, मग महागडे मोजे, आणि मफलर राहूनच जातो. शरीराचा क्रम याच्या उलटा आहे. सगळ्यात आधी गळा आणि छाती, ज्यासाठी घरचा मफलर आणि एक लोकरी थर पुरतो. मग मनगट, म्हणजे लांब बाहीचा, वारा अडवणारा, योग्य मापाचा मोजा आणि त्याची कोरडी दुसरी जोडी. मग हँडगार्ड. एवढं करूनही लडाख-स्पितीकडे जायचं असेल, तरच विजेचा खर्च. लोणावळ्यापर्यंत जाणाऱ्या मुंबईकराला बहुधा त्या टप्प्यापर्यंत जावंच लागत नाही. त्याला पुरतं ते पनवेलला पाच मिनिटं थांबून, हात गरम असतानाच, बॅगेतले मोजे बाहेर काढणं.